तृप्तीची वाट : केडगावच्या मुक्तीचा इतिहास

संस्थेचा इतिहास बहुधा पायाभरणीच्या दिवसापासून सुरू होतो. केडगावच्या ‘मुक्ती’ या निराधार स्त्रिया आणि मुलांच्या संस्थेचा इतिहास दुष्काळापासून सुरू करावा लागतो. १८९६चा दुष्काळ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण मुक्तीचा पाया ज्या दुष्काळात पडला तो त्याच्याही वीस-बावीस वर्षे आधीचा, मद्रास इलाख्यातला. तेव्हा मुक्ती नव्हती आणि केडगावचा माळ ओसाड होता. तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत फिरणारे एक विद्वान ब्राह्मण कुटुंब त्या काळात हळूहळू उपाशी मरत होते.

अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, मुलगा श्रीनिवास आणि मुली कृष्णाबाई व रमा असे ते कुटुंब. अनंतशास्त्र्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमेचा, म्हणजेच पुढे मुक्ती उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा, जन्म झाला. पुढे आईनेच त्यांच्याकडून हजारो श्लोक पाठ करून घेतले. उपास, व्रते, दानधर्म, तीर्थस्नाने यांत या घरात कधी खंड पडला नाही. दुष्काळात जवळचे सर्व संपले तेव्हाही देवाला प्रसन्न करण्याचा मार्ग म्हणून आणखी उपास झाले. रानातली पाने खाऊन दिवस काढले. शेवटी वृद्ध, अंध झालेल्या वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले, आपले तिच्यावर किती प्रेम आहे ते सांगितले आणि जन्मभर देवाची सेवा कर असे बजावून त्यांनी प्राण सोडला. काही आठवड्यांनी आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, श्रीनिवास तिसरा झाला आणि चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडू लागली तेव्हा तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले. मग थोरली बहीणही गेली.

या स्मरणिकेत हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. मुक्तीच्या आवारात पुढे जे घडले ते भुकेले पोट आणि भुकेला जीव या दोन्हींची एकदम ओळख असलेल्या बाईने घडवले. दोन्ही भुका तिने स्वतः भोगल्या होत्या. त्यामुळे एकीची तृप्ती दाखवून दुसरी विसरायला लावणे तिला कधी जमले नाही.

पुढची वर्षे सर्वांच्या परिचयाची आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरले आणि १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८०मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. १८८१मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, विधवा आणि तान्ह्या मुलीची आई असलेल्या रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, शिक्षण आयोगापुढे स्त्रियांची बाजू मांडली. आसामात सिल्चरला असताना नवऱ्याच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली होती. ती त्यांनी वाचली होती आणि ती मनात कुठेतरी राहिली होती.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण कानाने दगा दिला. मनोरमेसह त्या वॉन्टेज गावातल्या भगिनींच्या मठात राहिल्या. याच भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथे नेले. समाजाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तिथे एक घर होते. रमाबाईंनी असे काही पूर्वी कधी पाहिले नव्हते. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रियांसाठी शिक्षा सांगितली होती. इथे भगिनी त्यांच्यापाशी बसून प्रेमाने बोलत होत्या. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री दाखवली. ख्रिस्ताने तिच्याकडे पाणी मागितले आणि तिला जिवंत पाण्याची ओळख करून दिली. रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की स्त्रीला खरोखर उचलून धरील असा ख्रिस्तच, हे त्यांना त्या दिवशी कळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे बहुतेक चरित्रकार पान उलटतात. बाप्तिस्मा झाला म्हणजे शोध संपला असे गृहीत धरले जाते. आपल्या मंडळ्यांतही तसेच होते. बाप्तिस्म्याचा दाखला हाती पडला की माणूस पोहोचला असे आपण मानतो. रमाबाईंची स्वतःची साक्ष काही निराळेच सांगते आणि मुक्तीचा इतिहास लिहिताना ती साक्ष मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवूही लागल्या. वॉन्टेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक ख्रिस्ती वाचकाने तो वाचावा. त्यात एक नवी विश्वासी स्त्री आपल्या गुरूस्थानी असलेल्या भगिनीला, धर्मगुरूंना, बिशपांना प्रश्न विचारते आहे. तिला पंथाचा शिक्का नको आहे, कोणी सांगितले म्हणून एखादे मत तिला मान्य नाही, आपला साधा शाकाहार तिला सोडायचा नाही. तिला हवा आहे ख्रिस्त, पण अजून तो हाती लागत नाही आणि तो लागल्याचे सोंग करायला ती तयार नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. समाधान मिळाले असे म्हणणे किती सोपे असते! त्यांनी ते म्हटले नाही.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षे अमेरिकाभर फिरल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७मध्ये निघाले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसे देण्याचे तिने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. गोदूबाई जोशी याच सदनात शिकल्या आणि १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांच्या कार्याची एक वात याच ज्योतीवर पेटली, हे पुणेकरांनी विसरू नये.

शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हते. मुलींना आपापल्या रीतीने वागण्याची मोकळीक होती. बाहेरून पाहता रमाबाईंना सर्व मिळाले होते : कीर्ती, पैसा, काम, मान. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. पण आत उणीव होती. ती त्यांनी स्वतःच ओळखली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, त्याचे शिक्षण पटले, त्याचे आचार आपण स्वीकारले, पण ज्याच्यामुळे त्या धर्मात प्राण आहे तो ख्रिस्त अजून आपल्याला मिळालेला नाही, असे त्यांना दिसले. हे त्यांच्या लक्षात आले १८९१च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. त्या वेळी त्या विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचे आत्मचरित्र वाचत होत्या. हा पाळक कितीतरी वर्षे उपदेश करीत होता आणि एके दिवशी व्यासपीठावर उभा असताना आपल्याच उपदेशाने त्याचे अंतःकरण पालटले. रमाबाईंना त्यात स्वतःची स्थिती दिसली. तारण मिळवण्यासाठी आपण अजून काहीतरी करीत आहोत, व्रते गेली तरी व्रतांची वृत्ती गेलेली नाही, हे त्यांना कळले. जी कृपा फुकट मिळते ती आजवर त्या कमावू पाहत होत्या. पापांची क्षमा झाली आहे हे त्यांनी त्या दिवसांत साधेपणाने धरून ठेवले आणि मग जो आनंद आला तो उरलेल्या एकतीस वर्षांत ओसरला नाही.

अनंतशास्त्र्यांच्या उपाशी कुटुंबापर्यंत मागे जाऊन हे पाहावे. देवाला प्रसन्न करण्यासाठी सर्वस्व देऊन टाकलेल्या घरातली ही मुलगी. कृपेचा अर्थ कळायला तिला आठ वर्षे लागली यात नवल कसले?

हा आनंद लपून राहिला नाही. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. कोणाला बोलावणे नव्हते, पण मुली येऊन बसू लागल्या. मग १८९३मध्ये पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. ज्या पालकांनी धर्म सांभाळण्याच्या अटीवर मुली ठेवल्या, त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले. हे दुःख खरे होते. पण रमाबाईंनी प्रार्थनेचे दार बंद करावे, ही मागणी त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. आपल्याला भाकर मिळाली आहे हे भुकेल्यांच्या देखत लपवायचे कसे? दार उघडेच राहिले.

या काळात त्या जॉर्ज म्युलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांच्या सेवेच्या कहाण्या वाचत होत्या. ब्रिस्टलमध्ये म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. हे आपल्या देशात का होऊ नये, असा प्रश्न रमाबाईंना पडला. अमेरिकेची मदत दहा वर्षांची होती. ती संपल्यावर शाळा स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून त्यांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव स्टेशनाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर शारदा सदन चालवायचे, असा बेत होता. माळ कोरडा होता. विहिरी खणल्या आणि पाणी लागले.

फळबागेचा बेत दुष्काळाने बदलला. १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. रमाबाईंपुढे आपले आई-वडील उभे राहिले. पदरी पैसा नव्हता, जागा नव्हती, पुण्यातले घर भरलेले होते. तरी त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर, अनाथगृहांत, रस्त्याच्या कडेला त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन त्यांनी स्वतः केले आहे. तरुण मुली आणि बालविधवा कोणाच्या हाती पडत होत्या तेही त्यांनी उघड लिहिले. त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. आकडा तीनशेच्या आसपास गेला. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. तेव्हा त्या सर्वांना घेऊन रमाबाई केडगावच्या माळावर आल्या. तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

आज मुक्तीच्या दगडी इमारती पाहताना ते पहिले महिने डोळ्यांपुढे आणणे अवघड आहे. आलेल्या मुली हाडांचे सापळे होत्या. अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटात जंत. कित्येकींना भीक मागण्याची आणि चोरून खाण्याची सवय लागली होती. दुष्काळाने त्यांना दुसरे काही शिकवलेच नव्हते. पुरेसे मिळू लागल्यावरही त्या अन्न लपवून ठेवीत. पुष्कळशा वाचल्या नाहीत. जगल्या त्यांना आंघोळ, वेणी, ताट, अंथरूण, अक्षर हे सारे एकेक करून शिकवले कोणी? शारदा सदनातल्या जुन्या विद्यार्थिनींनी. ज्या उच्चवर्णीय विधवांना काही वर्षांपूर्वी कोणी घरात घेत नव्हते, त्या आता कुठल्या जातीच्या, कुठल्या गावच्या हे न विचारता परक्या पोरींच्या जखमा धुऊ लागल्या. या स्त्रियांची नावे फारशी कुठे छापली गेली नाहीत. माझ्या मते मुक्तीचा पहिला चमत्कार हाच, आणि १९०५चा मोठा चमत्कार त्याच्या मागून आला.

१८९८मध्ये या घराला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी दहा वर्षांची मुदत संपली म्हणून रमाबाई अमेरिकेला गेल्या. त्या नसताना सुंदराबाई पवार आणि अमेरिकन मेथडिस्ट सेविका मिनी एब्रम्स यांनी कामाचा भार वाहिला. शारदा सदनही पुढे केडगावला आले. १९००मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीने पुन्हा दारे उघडली. आवारातली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदनाची भूमिका धर्माच्या बाबतीत तटस्थ होती. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. भुकेचा फायदा घेऊन धर्म दिला, असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. त्याला माझे उत्तर एवढेच की त्या मुलींना भाकर कुठल्याही अटीवर दिली गेली नाही. भाकर देणारीला जे सर्वांत मौल्यवान वाटत होते, ते मात्र तिने कोणापासून लपवले नाही.

मुक्तीच्या रचनेत रमाबाईंचे सारे आयुष्य उमटलेले दिसते. फुलमचे घर त्यांच्या मनात सतरा वर्षे राहिले आणि केडगावला त्याचे कृपा सदन झाले. फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ते होते. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन निघाले. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, यरीहोच्या रस्त्यावरच्या बार्तिमय आंधळ्याच्या नावाने. मनोरमाबाई अमेरिकेहून ब्रेल शिकून आल्या आणि या मुलींच्या बोटांना त्यांनी वाचायला शिकवले. दुष्काळात मुलगेही आले, म्हणून मुलग्यांसाठी सदानंद सदन झाले.

आणि काम! मुक्तीत रिकामे बसणे नव्हते. हातमाग होते, तेलाची घाणी होती, गोठा होता, बेकरी होती, धोबीखाना होता, शिवण होते, शेती होती, शाळा होती, छापखाना होता. बायका खिळे जुळवीत, यंत्र चालवीत, पुस्तके बांधीत. काही मुली शिक्षिका झाल्या, काही परिचारिका, काही शुभवर्तमान सांगणाऱ्या भगिनी. रमाबाई स्वतः पांढऱ्या सुती लुगड्यात, साध्या जेवणावर, पहाटे चारच्या आत उठून या सर्वांत वावरत. घरात उद्याचे धान्य नाही अशी वेळ पुष्कळदा आली. तेव्हा मुली प्रार्थनेला बसत. मग कुठून तरी टपालाने मदत येई. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावे. मुक्तीतल्या स्त्रियांनी त्याचे उपकार योग्य ठिकाणी मानले.

आता १९०५. या एका वर्षावर इतके लिहिले गेले आहे की बाहेरदेशी पुष्कळांना मुक्ती तेवढ्यापुरतीच माहीत असते. म्हणून ते नीट क्रमाने सांगतो. वेल्समध्ये मोठे आध्यात्मिक उज्जीवन झाल्याच्या बातम्या येत होत्या. त्याआधी मनोरमाबाई आणि मिनी एब्रम्स ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथल्या संजीवन सभांच्या प्रार्थनामंडळांची पद्धत पाहून आल्या होत्या. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींपुढे विषय मांडला : पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी रोज पहाटे कोण प्रार्थनेला येईल? सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या कितीतरी पटींनी वाढली. पाच-सहा महिने रोज पहाटे, काही दिसत नसताना, काही घडत नसताना या मुली येत राहिल्या. संजीवनाच्या कथा सांगताना आपण हे महिने गाळतो आणि थेट अग्नीवर येतो, हे मला योग्य वाटत नाही.

२९ जूनच्या पहाटे एका मोठ्या मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्यासारखे वाटले. शेजारची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली. पाणी ओतणार तोच मैत्रिणीला खरी आग लागलेली नाही, हे तिच्या लक्षात आले. पापांची कबुली, अश्रू, मग हर्ष असे सारे त्या खोलीत सुरू झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत सुरात योहानाचा आठवा अध्याय शिकवीत होत्या. अचानक सर्व मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत होत्या, कोणी गुडघे टेकले, कोणी उभ्या राहिल्या. रमाबाईंना शिकवणे थांबवावे लागले. पुढचे कित्येक दिवस शाळा, शिवण, माग सर्व बाजूला राहिले आणि कबुलीच्या व क्षमेच्या सभा चालल्या.

बाहेरून टीका झाली. इतका गलबला कशाला, एकदम मोठ्याने प्रार्थना कशासाठी, हे शिस्तीला धरून आहे का, असे पाश्चात्त्य मिशनरींपैकी काहींनी विचारले. रमाबाईंचे उत्तर आजही आपल्या प्रत्येक पाळकाने लक्षात ठेवावे असे आहे. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रकातून त्यांनी मांडले की भारतीय मंडळी आपल्या स्वभावाने देवाची भक्ती करील; परक्या शिष्टाचाराचे माप तिला लावू नये. पुढे अन्य भाषांत बोलण्याचे वरदान मुक्तीत दिसू लागले तेव्हाही त्यांनी ते अडवले नाही, पण त्याचा नियम केला नाही. आत्म्याने भरल्याची जर एकच खूण मानायची तर ती प्रेमाची, असे त्यांचे मत होते. ज्या स्त्रीने वीस वर्षांपूर्वी बिशपांच्या मतांना प्रश्न विचारले होते, तीच स्त्री इथे बोलते आहे. तृप्त झाल्यावरही तिची बुद्धी झोपली नव्हती.

या उज्जीवनाचे फळ आवारात कोंडून राहिले नाही. शेकडो मुलींनी प्रार्थनेला आणि सुवार्तेला स्वतःला वाहून घेतले आणि पाळीपाळीने त्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. ज्या गावांनी त्यांना भुकेल्या अवस्थेत पाहिले असते तर हाकलून दिले असते, तिथे त्या आता काही देण्यासाठी जात होत्या. मिनी एब्रम्स यांनी मुक्तीतल्या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वाल्पाराइसो शहरी एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९च्या सुमारास तिथे जे मोठे संजीवन झाले, त्याची सुरुवात या पुस्तिकेपासून मानली जाते. चिलीतल्या पेन्टेकोस्टल मंडळ्यांचे सभासद आज लाखोंच्या संख्येत आहेत. आपल्या दौंड तालुक्यातल्या पहाटेच्या प्रार्थनेचा हा वाटा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

संजीवनाचा बहर ओसरल्यावर रमाबाईंनी जे काम हाती घेतले होते ते पुरे करण्यात उरलेले आयुष्य वाहिले. पवित्र शास्त्राचे उपलब्ध मराठी भाषांतर खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळत नाही, हे त्यांनी मुलींना शिकवताना रोज पाहिले होते. संस्कृताची ही पंडिता पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकू लागली आणि संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत एकहाती भाषांतर करू लागली. आयुष्यभर कमावलेली संस्कृतप्रचुरता त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवली. माग चालवणाऱ्या, गोठा झाडणाऱ्या मुलींसाठी ते भाषांतर होते आणि त्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले, त्याची पाने छापली. भाषा म्हणून त्याविषयी मतभेद आहेत आणि आपल्या मंडळ्यांत ते रूढ झाले नाही. तरीही एका स्त्रीने केलेले आणि स्त्रियांनी छापलेले असे संपूर्ण शास्त्र जगात क्वचितच असेल.

सरकारने १९१९मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. शारदा सदनाची मुख्याध्यापिका, गुलबर्ग्याच्या शाळेची संस्थापिका आणि आईनंतर मुक्ती सांभाळील अशी जिच्यावर सर्वांची दृष्टी होती, ती चाळिसाव्या वर्षी आईआधी गेली. रमाबाई प्रकृतीने खचल्या होत्या, कान जवळजवळ गेले होते. भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. छापील शास्त्र १९२४मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडले.

त्यांच्यामागे लिसा हेस्टी यांनी धुरा घेतली आणि पुढे देशी-परदेशी सेवकांच्या पिढ्यांनी काम चालवले. त्या साऱ्या वर्षांचा तपशील या अंकात इतरत्र येईलच. शाळा, दवाखाना, निराधार स्त्रिया आणि मुलांची घरे आजही आहेत. अंध भगिनींचे काम आहे. छापील शब्दाचे काम आहे. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारतीय टपाल खात्याने रमाबाईंच्या चित्राचे तिकीट काढले.

मुक्तीत आलेल्या प्रत्येकीला रमाबाईंसारखा अनुभव आला, असे मी म्हणणार नाही. काहींना इथे फक्त निवारा मिळाला आणि तोही लहानसा नव्हता. काही लग्न होऊन गेल्या, काही परत गेल्या. पण ज्यांना ख्रिस्तात समाधान लाभले, त्यांची ओळख एकाच लक्षणाने पटते. त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ज्या मुलीला कोणी वाचवले तिने दुसरीला वाचवले. हा क्रम एकशे पंचवीसहून अधिक वर्षे तुटलेला नाही. रमाबाईंना जे आठ वर्षे मिळत नव्हते आणि मग मिळाले, त्याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

महाराष्ट्रातल्या आणि गुजरातेतल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत पणजी किंवा खापरपणजी मुक्तीत वाढली होती, अशी आठवण आहे. त्या स्त्रियांच्या साक्षी तोंडी राहिल्या आणि पिढीगणिक विरत चालल्या आहेत. वाचकांना विनंती की घरातल्या वृद्धांना विचारा, जे आठवेल ते लिहून काढा. जुने फोटो, पत्रे, मुक्ती छापखान्याची पुस्तके असतील तर त्यांच्या प्रती काढून केडगावला पाठवा. रमाबाईंचे चरित्र लिहिले गेले आहे. त्या हजारो मुलींचे अजून लिहायचे आहे.